पोटुशी सून आणि मनाच्या गोळ्या



एरवी मी खताच्या मात्रेविषयी, नाहीतर बोंडअळीविषयी लिहितो. आजचा विषय घरातला आहे. मी डॉक्टर नव्हे. पण एका घरी जे पाहिले आणि नंतर जाणकारांकडून जे समजून घेतले, ते तुमच्या कानावर घालणे मला कर्तव्य वाटते.

चार वर्षांपूर्वी कांद्यावरचा करपा पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. चहा देताना घरधनीण हळूच म्हणाली, "भाऊसाहेब, तुम्हाला औषधातलं कळतं म्हनून इचारते. सुनेला तिसरा महिना हाय. तिला मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू व्हत्या. त्यानं पोर मंद निपजतं असं शेजारीण म्हनली, म्हनून म्या बंद केल्या."

सून ओसरीवर बसली होती. बारा दिवस धड झोप नाही, जेवण नाही. दोनदा तिला विहिरीच्या काठावरून उठवून आणले होते.

मी म्हणालो, "वहिनी, माझे औषध पिकाचे. हिला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या, आणि एकटी सोडू नका." त्याच दुपारी मुलगा तिला घेऊन गेला. तिची गोळी सर्ट्रालिन नावाची, उदासीनतेच्या आजारावरची होती. डॉक्टरांनी तपासून ती पुन्हा सुरू केली.

सासूबाईंची भीती खोटी म्हणावी का? अगदी तसे नाही. बुरशीनाशक आणि तणनाशक एकच नव्हे, तशा मनाच्या सगळ्या गोळ्याही एकसारख्या नाहीत. व्हॅल्प्रोएट हे औषध फिटवर देतात, तसेच कधी अतिउत्साह तर कधी उदासी येणाऱ्या आजारावरही देतात. गरोदरपणी ते घेतल्यास 100 पैकी सुमारे 10 बाळांत जन्मजात व्यंग आढळते. एरवी हे प्रमाण 100 पैकी दोन-तीन असते. शिवाय 100 पैकी 30 ते 40 मुलांत चालणे-बोलणे उशिरा येणे, स्मरणशक्ती किंवा बुद्धी कमी पडणे असे दोष दिसतात. मात्रा जास्त, तसा धोका जास्त. म्हणून युरोपात 2018 साली मनाच्या आजारासाठी हे औषध गरोदरपणी देण्यास मनाई झाली. फिटच्या आजारातही दुसरा योग्य उपाय नसेल तरच ते देतात.

उदासीनतेवरच्या सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. स्वीडनमध्ये 15 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच आईच्या मुलांची तुलना केली. एकाच्या वेळी पहिल्या तीन महिन्यांत गोळी चालू होती, दुसऱ्याच्या वेळी नव्हती. स्वमग्नता किंवा अतिचंचलता यांत गोळीमुळे वाढ दिसली नाही. उलट आजार तसाच राहिला, तर आई जेवत नाही, तपासणीला जात नाही, कधी जिवावरही उठते. त्याची झळ बाळालाही लागते.

बाळाच्या मेंदूचा आणि कण्याचा पाया गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. तेव्हा पाळी चुकल्याचेही पुष्कळदा ध्यानात आलेले नसते. म्हणून विचार पेरणीआधी हवा. गोळ्या चालू असलेल्या मुलीचे लग्न ठरले, की डॉक्टरांना सांगा. बदलायचे औषध आधीच बदलता येते. फॉलिक ॲसिडची गोळीही आधीपासून घ्यावी. किती, ते डॉक्टर ठरवतील. मात्र तिच्याने व्हॅल्प्रोएटचा धोका टळतो असे समजू नका.

आणि दिवस राहिलेच असतील, तर कोणतीही गोळी आपल्या मनाने तोडू नका. फिटची गोळी एकदम तोडल्यास जोराची फिट येऊन आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. पाकीट घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. आजार लपवून ठेवू नका, आशाताईंना सांगा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.

त्या घरातला नातू आता अंगणवाडीत जातो, बडबड्या आहे. एका रोपावरून वाण ठरवू नये, हे मला कळते. पण परवा त्याची आई स्वतः कांद्याची रोपे मोजून देत होती, तेव्हा ती विहीर मला आठवली. सासूबाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, आता डागदराला इचारल्याबिगर काय बी बंद करत न्हाई."

एवढे तुमच्या घरी झाले, तरी माझे लिहिणे सार्थकी लागले.