नाळ, भ्रूण आणि सरसकट निषेध

प्रयोगशाळेत माणसाचे मांस वाढवणे हा देवाच्या कामात ढवळाढवळ करणारा उद्योग आहे, असे आपल्या धर्मग्रामांतील काही बंधुभगिनी ठामपणे सांगतात. मला हे मत मान्य नाही. आणि ते ख्रिस्तसभेच्या नावाने मांडले जावे, हे तर मुळीच मान्य नाही.

बारीक रक्तवाहिनीपासून सुमारे ०.२ मिलिमीटरहून दूर पडलेली पेशी प्राणवायूवाचून मरते. म्हणून ऊती वाढवायची, तर तिच्यात रक्तवाहिन्या कशा फुटतात हे कळले पाहिजे. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये नवजात बालकांच्या नाळेतील शिरेच्या अस्तराच्या पेशी वाढवण्यात आल्या. योग्य जेलीवर ठेवल्यास अशा पेशी काही तासांत आपणहून नळ्यांचे जाळे विणतात. २०१९ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी मूलपेशींपासून सूक्ष्म रक्तवाहिन्या घडवून त्या भरपूर साखरेत ठेवल्या. तेव्हा त्यांच्याभोवतीचा पापुद्रा मधुमेही रुग्णांप्रमाणेच जाड झाला. ज्या घरात मधुमेहाने कोणाचा पाय कापावा लागला आहे, तेथे याचे मोल सांगावे लागत नाही. आपल्या कोल्हापुरातही, कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात, मूलपेशी-संशोधनाचा विभाग आहे.

ख्रिस्तसभेचा आक्षेप नेमका आहे. ‘दिग्नितास पर्सोने’ या २००८ च्या निर्देशाने जिवंत भ्रूण नष्ट करून मूलपेशी काढणे निषिद्ध ठरवले. प्रौढाच्या ऊतींतून किंवा जन्मवेळी नाळेच्या रक्तातून त्या घेणे नव्हे. व्हिएन्नाच्या प्रयोगात प्रौढ पेशींपासून बनवलेल्या मूलपेशी होत्या, तशा भ्रूणापासून आलेल्याही होत्या. तेव्हा विचारायचे ते हेच, की पेशी आल्या कोठून? सरसकट शाप देणारा हे विचारतच नाही, आणि भ्रूण वापरणाऱ्याचे फावते.

आपल्याकडे वार आणि नाळ पुरण्याची रीत होती. आता रुग्णालयात ती पिवळ्या पिशवीत जाते, बहुधा जाळली जाते, आणि कोणी हळहळत नाही. मग आईच्या संमतीने ती संशोधकाच्या हाती गेली, तर तेवढ्याने विटंबना कशी होते? संमती मात्र खरी हवी. कळा सुरू असताना पुढे केलेल्या कागदावरची सही ही संमती नव्हे. आणि बाळाच्याच भविष्यासाठी नाळेचे रक्त पैसे भरून साठवा, अशी गळ घालणारे प्रतिनिधी घरी आले, तर त्यांना चहा द्यावा, धनादेश देऊ नये. अशा साठवणुकीला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेच म्हटले आहे.

सातव्या महिन्यातच नवराबायकोने मिळून डॉक्टरांना विचारावे: नाळ कोणाला देणार, कशासाठी, आणि त्या प्रयोगशाळेत भ्रूणाच्या पेशी वापरतात काय?