रस्त्याचें सारवण

दूरच्या गांवीं लेक दिलेल्या आईस त्या गांवच्या रस्त्याची जितकी काळजी असते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणास असेल. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील केशोरी हें असेंच एक दूरचें गांव. भोंवतीं रान आणि धानाच्या बांध्या; आगगाडी गांठावयाची तर अर्जुनीस यावें लागतें आणि जिल्ह्याची कचेरी त्याहूनहि लांब. अडलेल्या बाळंतिणीस वेळेवर रुग्णालयांत पोंचविणें काय, कीं धान बाजारीं नेणें काय, साऱ्यांची दोरी रस्त्याच्या हातीं.

असा रस्ता झिजला म्हणजे लोक म्हणतात, ‘वरून एकदां डांबर टाकलें कीं झालें.’ आमच्या वाचक भगिनींस हें पटणार नाहीं. उखडलेली भुई तशीच ठेवून वरून सारवण फिरविलें तर चार दिवसांत पोपडे निघतात, हें त्यांना कोणीं सांगावयास नको. रस्त्याचेंहि तसेंच आहे. प्रथम खड्ड्यांच्या कडा चौकोनी कापून, आंतील सैल खडी व माती काढून, ते भरावयाचे. मग पृष्ठभाग धुळीचा कण न राहील असा झाडावयाचा. त्यावर डांबराच्या पातळ द्रावाचा हलका शिडकावा करावयाचा, म्हणजे जुना व नवा थर एकजीव होतात. नंतर गिट्टी व डांबर यांचें सुमारें 150 अंश सेल्सिअस उष्णतेचें मिश्रण पसरून तें निवण्यापूर्वींच रोलरनें दाबावयाचें. निवलेलें मिश्रण नीट दबत नाहीं; आंत पोकळ्या राहतात, आणि पोकळींत पाणी शिरतें.

पाणी हाच डांबराचा खरा वैरी. दगडास डांबरापेक्षां पाण्याची ओढ अधिक; ओल मुरली कीं डांबराची पकड सुटते, एक खडा निसटला कीं शेजारचे सुटूं लागतात, आणि पाहतां पाहतां खड्डा होतो. म्हणून रस्ता मध्यें किंचित् उंच ठेवून, मीटरमागें सुमारें अडीच सेंटीमीटर उतार देऊन, कडेस चर व मोऱ्या ठेवतात. धानाच्या मुलखांत याचें महत्त्व दुप्पट. बांध्यांत पावसाळाभर पाणी कोंडलेलें असतें. चर बुजला कीं ओल रस्त्याच्या पोटांत जाते आणि पाया मऊ पडतो. मग वरचा काळा थर कितीहि जाड असो, तो टिकावा कसा?

खेड्यांच्या रस्त्यांचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं 1927 सालीं समिती नेमली गेली; तिच्या शिफारशीवरून 1929 पासून पेट्रोलवरील कराचा रस्तेनिधि सुरू झाला. पुढें 1943 सालीं नागपुरास मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि सुपीक शेतीच्या मुलखांतील कोणतेंहि गांव मुख्य रस्त्यापासून पांच मैलांहून दूर असूं नये, असें उद्दिष्ट तिनें पुढें ठेविलें. चांगलें काम टिकतें याचा दाखला पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यानें दिला आहे. 1976 च्या सुमारास दहा वर्षांच्या हमीनें झालेला तो रस्ता हमीचा काळ सरल्यावरहि कित्येक वर्षें खड्ड्यांवांचून राहिला.

यांत सरकारचें कर्तव्य आहे, तसें आपलेंहि आहे. दारीं गाडी यावी म्हणून चरांत माती लोटणारा, किंवा बांधीचें पाणी रस्त्यावर सोडणारा गृहस्थ, खड्ड्याचा अर्धा धनी असतो. पूर्व विदर्भाच्या या भागांत पूर्वजांनीं गांवोगांव मालगुजारी तलाव बांधले. पाणी कोठें अडवावें व कोठून वाहूं द्यावें, हें ज्यांनीं जाणलें, त्यांच्या वंशजांस चर मोकळा ठेवणें जड वाटूं नये. डांबर सरकार आणील; मृगाच्या आधीं चर उपसण्यास मात्र फावडें गांवानेंच उचलावें. त्या आईची काळजी तेवढीच हलकी होईल.