मसीहाची वाट आणि जेरुसलेमची वाट

मध्ययुगातले ज्यू मसीहाच्या भरवशावर शतकानुशतके बसून राहिले, आणि त्यांची जेरुसलेमची यात्रा म्हणजे म्हातारपणी पवित्र मातीत मरायला जाणे, असे सर्रास म्हटले जाते. थोडक्यात, ‘असेल माझा हरी’. मला हे साफ अमान्य आहे.

आक्षेप अगदीच निराधार नाही. एकजुटीने, बळाच्या जोरावर परत जाऊ नये, अशी शपथ तालमुद या ज्यू धर्मग्रंथातच आहे. कवी येहूदा हालेवीने तर ‘कुझारी’ ग्रंथात खझरांच्या राजाच्या तोंडी हाच टोमणा घातला आहे. रोज प्रार्थनेत सियोन, म्हणजे जेरुसलेम, आळवता, मग जात का नाही? त्यावर ग्रंथातला राब्बी खजील होतो, दोष कबूल करतो. पण ज्या परंपरेतला थोर कवी आपल्याच समाजाला असे धारेवर धरतो, तिला निष्क्रिय कसे म्हणायचे? शिवाय तो लिहून मोकळा झाला नाही. ११४० मध्ये, उतारवयात, स्पेनमधले घरदार आणि वैद्यकी सोडून तो निघाला.

जेरुसलेमच्या वेशीवर एका अरब स्वाराने त्याला घोड्याच्या टापांखाली तुडवले, ही कथा अजून सांगतात. ती छापून आली सोळाव्या शतकात, आणि हालेवीच्या काळी शहर क्रुसेडरांच्या ताब्यात होते. या कथेचा मला राग येतो, कारण तिच्यात त्याचे निघणे हरवते आणि मरण तेवढे उरते. कैरोच्या गेनिझातल्या, म्हणजे सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठीतल्या, पत्रांत वेगळाच माणूस भेटतो. मे ११४१ मध्ये तो अलेक्झांड्रियाच्या बंदरात, जहाजावर चढून, पश्चिमेच्या वाऱ्यासाठी खोळंबला आहे. वाट पाहणे हेही आहेच, पण सामान चढवून झाल्यावरचे.

दुसरा साक्षीदार राब्बी नाखमानिदेस. १२६३ मध्ये बार्सिलोनाच्या ज्यू-ख्रिस्ती धर्मवादात, खुद्द राजासमोर, त्याने सांगितले की आमचा धर्म मसीहावर टांगलेला नाही. तोच चार वर्षांनी, सत्तरी ओलांडून, जेरुसलेमला पोहोचला. त्या वादापायी त्याला देश सोडावा लागला, हे खरे. पण आसऱ्याला जवळची गावे थोडी नव्हती. तातारांच्या, म्हणजे मंगोलांच्या, धास्तीने जेरुसलेम ओस पडले होते. तिथे राहणारे ज्यू म्हणजे दोघे भाऊ, धंद्याने रंगारी. शाब्बाथला प्रार्थना त्यांच्याच घरी होई. दमास्कस आणि अलेप्पोहून बायापुरुष येत, मंदिराचे अवशेष पाहून रडत, असे त्याने मुलाला कळवले आहे. त्याच पत्रात पुढे कामाची हकिकत येते. संगमरवरी खांबांचे, सुरेख घुमटाचे एक पडके घर त्यांनी प्रार्थनाघरासाठी घेतले, डागडुजी सुरू केली, आणि तातार आले तेव्हा शेखेम गावी हलवलेल्या तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या परत आणायला माणसे धाडली.