नाणं एकच, इंधन मोजकं : जुने आर्केड खेळ वर्गात आणावेत का?



मागच्या पालकसभेत एका आईनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, आम्ही घरी मोबाइल काढून घेतो आणि तुम्ही वर्गात गेम लावता, हे कसं काय?" प्रश्न रास्तच होता. तिच्या मुलानं तिच्याच फोनवरून एका गेममध्ये पैसे घातले होते, तेही महिन्याच्या किराण्याचे. त्या वेळी मी घाईत काहीतरी बोलले. नीट उत्तर द्यायचं राहून गेलं, म्हणून हा लेख.

मी काय लावलं होतं?

अटारी ही अमेरिकन कंपनी १९७२ साली सुरू झाली. तिला पन्नास वर्षं झाली तेव्हा, नोव्हेंबर २०२२ मध्ये, 'अटारी ५०' नावाचा एक संग्रह निघाला. डिजिटल एक्लिप्स या कंपनीनं तो तयार केला. त्यात नव्वदहून अधिक जुने खेळ आहेत, पण नुसते खेळ नाहीत. काळाच्या पट्टीवर ते क्रमानं मांडलेत आणि मध्ये मध्ये जुने फोटो, जाहिराती, कागदावरची रेखाटनं, खेळ बनवणाऱ्यांच्या मुलाखती आहेत. एखाद्या संग्रहालयातून फिरावं आणि काचेतली वस्तू हातात घेऊन बघायची परवानगी मिळावी, तसं वाटतं.

खरं सांगायचं तर मी तो माझ्या हौसेसाठी घेतला. नव्वदच्या दशकात आमच्या गावात एस.टी. स्टँडमागे व्हिडिओ गेमचं दुकान होतं. भाऊ आत 'मुस्तफा' खेळायचा आणि मी बाहेर त्याची सायकल धरून उभी. मुलींनी आत जायचं नाही, एवढंच मला सांगितलेलं. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. 'मुस्तफा' या संग्रहात नाही, तो दुसऱ्याच कंपनीचा खेळ. पण यातला 'सेंटिपीड' १९८१ चा, आणि तो बनवणाऱ्या दोघांपैकी एक डोना बेली ही बाई आहे, हे वाचलं तेव्हा क्षणभर ती सायकल आठवली.

चंद्रावर उतरायचा खेळ

वर्गात मी आणला तो 'लूनार लँडर', १९७९ चा. काळा पडदा, पांढऱ्या रेघा, खाली खडबडीत चंद्र. यान खाली येत असतं. ते डावी-उजवीकडे वळवायचं, इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा आणि सपाट जागी अलगद टेकवायचं. वेग जास्त असेल तर फुटणार. इंधन संपलं तर पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणाच्या हातात.

या खेळाचं मूळ त्याहून जुनं आहे. १९६९ साली, माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी, जिम स्टोरर नावाच्या अमेरिकेतल्या शाळकरी मुलानं तो शाळेच्या संगणकावर लिहिला होता. त्यात चित्र नव्हतंच. फक्त आकडे : उंची इतकी, वेग इतका, इंधन इतकं, आता किती जाळणार? हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची पोरंही पुढे सरकली. "म्हणजे आमच्याएवढ्या पोरानं केलं, बाई?" हो रे, तुमच्यापेक्षा थोडासाच मोठा.

आणि आपल्या मुलांना तर चंद्रावर उतरणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरताना आम्ही सगळी शाळा एका टीव्हीसमोर बसवली होती. पडद्यावर उंची आणि वेगाचे आकडे कमी होत होते. ते आकडे म्हणजेच हा खेळ.

चुकलं तर?

आठवीतला माझा एक विद्यार्थी गणिताच्या पेपरात उत्तरं लिहीतच नाही. येत नाही असं नाही, तोंडी विचारलं की बरोबर सांगतो. एकदा जवळ बसवून विचारलं तर म्हणाला, "बाई, चुकलं की लाल फुली येते. कोरं ठेवलं की नुसता शून्य." मला काही सुचेना. त्याच्या वहीवर त्या फुल्या मीच मारल्या होत्या.

'लूनार लँडर'च्या दिवशी तो चार वेळा आपटला. पाचव्या वेळी उतरला. मधल्या चारही वेळा कोणी फुली मारली नाही. यान का फुटलं ते पडद्यावर दिसत होतं : आडवा वेग राहिला होता, इंजिन उशिरा लावलं, इंधन आधीच उधळलं. चूक त्याला दिसली आणि दुसरा डाव लगेच समोर होता. चांद्रयान-२ चं विक्रम लँडर ७ सप्टेंबर २०१९ ला पोचू शकलं नाही. पुढच्या वेळी इस्रोनं यानाचे पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरायची जागा मोठी धरली. चूक वाचता आली म्हणून दुरुस्त करता आली. आपल्या लाल फुलीत हे वाचण्याजोगं काही असतं का, हा प्रश्न मला त्या दिवसापासून टोचतो आहे.

पण जुनं ते सगळं सोनं नव्हे

इथे थोडं थांबायला हवं. आमच्या पिढीला लहानपणाचं सगळंच चांगलं वाटतं. आर्केडचे खेळही पैसे काढण्यासाठीच बनवलेले होते. डाव लवकर संपावा, दुसरं नाणं पडावं, पाठीमागच्याचा नंबर लागावा, असाच तो हिशोब. 'लूनार लँडर'मध्ये तर मशीनमध्ये आणखी नाणं टाकलं की आणखी इंधन मिळायचं! आजच्या गेममधल्या 'अजून पैसे भरा' या बटणाचा हा आजोबाच म्हणा ना.

संग्रहात नाणं फुकट असतं, एक बटण दाबलं की पडतं. पोरांनी दहा मिनिटांत ते शोधून काढलं. इंधन संपत आलं की नाणं, परत संपलं की नाणं. सगळे उतरायला लागले आणि पाच मिनिटांत सगळ्यांना कंटाळा आला! मग एका मुलीनंच सुचवलं, "बाई, एकच नाणं ठेवू." त्या एका वाक्यानंतर खेळ पुन्हा खेळ झाला.

मग मी विचारलं, "नाण्यानं इंधन मिळतं, यात फायदा कोणाचा?" "मशीनवाल्याचा." "आणि तुमच्या मोबाइलच्या गेममध्ये?" वर्ग गप्प झाला. ज्याच्या आईनं सभेत प्रश्न विचारला होता, तो खाली बघत होता. त्याला मी काही बोलले नाही, गरजही नव्हती. एवढंच सांगितलं की तेव्हाचं नाणं खिशातून हाताला लागायचं, संपलं की घरी जायचं. आताचं नाणं दिसत नाही आणि संपतही नाही.

माझ्या मते अशा संग्रहाचा खरा उपयोग इथे आहे. ज्या खेळात पोरं रोज अडकतात त्याची रचना त्यांना दिसत नाही, कारण ती चकचकाटाखाली झाकलेली असते. जुना खेळ उघडा असतो. त्यात काय कशासाठी ठेवलंय ते आठवीच्या मुलालाही सांगता येतं. एकदा ते दिसलं की स्वतःच्या फोनकडेही तो थोडा वेगळ्या नजरेनं बघेल, अशी माझी आशा आहे. खात्री देत नाही.

संगणक नसेल तर

आपल्यातल्या अनेकांच्या शाळेत संगणक आहे तर वीज नाही, वीज आहे तर संगणक बंद. हरकत नाही. १९६९ चा आकड्यांचा खेळ फळ्यावर होतो. मी ठेवलेले नियम असे :

• उंची १०० मीटर, खाली येण्याचा वेग सेकंदाला १० मीटर, इंधन ३५ युनिट.
• एक फेरी म्हणजे एक सेकंद. गुरुत्वामुळे दर फेरीत वेग २ ने वाढतो. (चंद्रावर खरा आकडा सुमारे १.६ आहे, सोपं जावं म्हणून २ धरला.)
• एका फेरीत जास्तीत जास्त ५ युनिट जाळता येतात. एक युनिट वेग १ ने कमी करतं.
• नवा वेग उंचीतून वजा करायचा. उंची शून्य होताना वेग २ किंवा कमी असेल तर उतरलात.

गट करा, प्रत्येक गटाला एक कागद द्या. ३१ युनिटांत उतरता येतं, मी करून पाहिलंय. कसं ते सांगत नाही! बहुतेक गट घाबरून सुरुवातीलाच इंधन जाळतात आणि शेवटी हात चोळत बसतात. आपटलेल्या गटानं आपण कुठे चुकलो ते वर्गाला समजावून सांगायचं, हा माझा शेवटचा नियम.

त्या आईला उत्तर

ताई, तुम्ही मोबाइल काढून घेतलात ते बरोबरच केलंत. किराण्याचे पैसे गेले, ते दुःख मला समजतं. मी वर्गात गेम लावते ती वीस मिनिटं, सगळ्यांसमोर, आणि नंतर त्यावर बोलायला. एकट्यानं पांघरुणात खेळण्यात आणि यात फरक आहे. तरी तो फरक मी आधी तुम्हाला सांगायला हवा होता. पुढच्या तासाला तुम्ही या, मागच्या बाकावर बसा. जमलं तर एक डाव खेळूनही बघा, आपल्याला लहानपणी कोणी खेळू दिलं नव्हतं.

आणि तो कोरा पेपर देणारा मुलगा? परवाच्या चाचणीत त्यानं सहाच्या सहा गणितं लिहिली. तीन चुकली. मी फुली मारली नाही, जिथे गाडी घसरली तिथे नुसती खूण केली आणि वही परत दिली. त्यानं त्यातली दोन स्वतः दुरुस्त करून आणली.

तुमच्या वर्गात हा फळ्यावरचा खेळ करून बघा. कोणत्या गटानं कमीत कमी इंधनात यान उतरवलं ते जरूर कळवा.