स्मृतीभोवतीचे कुंपण

ज्वारीचे पोते एकाने उचलले की दुसऱ्याची कणगी तेवढी रिती राहते. महाजालावर ठेवलेला जुना अहवाल परभणीच्या विद्यार्थ्याने वाचला म्हणून पुण्याच्या वाचकाचा वाटा मात्र घटत नाही. ज्या वस्तूची टंचाई निसर्गाने निर्माण केलेली नाही, तिची टंचाई कोणी आणि कोणासाठी निर्माण केली, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

पुण्याच्या गोखले संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपले दुर्मिळ ग्रंथ व जुने अहवाल विनामूल्य खुले केले. ज्यासाठी आमच्या पिढीने रात्रभर रेल्वेत बसून पुणे गाठले आणि तक्ते हाताने उतरवून घेतले, ते आज गंगाखेडच्या शिक्षकाला घरी दिसतात. (हाताने उतरवताना मजकूर डोक्यात अधिक राही, असे म्हणणारे मित्र आहेत, त्यांनी खुशाल उतरवीत बसावे.)

आता शासनाचा कारभार पाहा. सार्वजनिक पैशातून ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली, लाखो ग्रंथांची छायाचित्रे घेतली गेली, त्यांत मराठीही होते. २०१७ च्या सुमारास स्वामित्वहक्काच्या वादाचे कारण देऊन ते दालन बंद पडले. ते ग्रंथ आज वाचता येतात, कारण कार्ल मलामुद या अमेरिकन गृहस्थाने त्यांच्या प्रती ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर चढविल्या. नियोजन आयोगाची गतही निराळी नाही. २०१५ साली आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली आणि जुन्या संकेतस्थळाचे दुवे तुटत गेले. ती पाने शोधायची तर सॅन फ्रान्सिस्कोतील संस्थेच्या ‘वेबॅक मशीन’चे दार ठोठवावे लागते. आपल्या पंचवार्षिक योजनांची स्मृती परक्याच्या देणग्यांवर जगावी, याची लाज सत्ताधाऱ्यांना वाटत नाही.

ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली स्थापिलेल्या त्या संस्थेचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते, की धर्मादाय हा सार्वजनिक हक्काला पर्याय नव्हे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयातून आदेश मिळविला आणि दोन-तीन चित्रपटांपायी भारतात ते संपूर्ण ग्रंथालय काही काळ बंद झाले. पुढे अमेरिकेतील चार बड्या प्रकाशकांनी दावा जिंकला. २०२४ साली अपिलातही तो निकाल कायम राहिला आणि सुमारे ५ लाख पुस्तके वाचकांच्या हातून गेली.

लेखकाच्या पोटाचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. हयात लेखकाला मोबदला मिळालाच पाहिजे. पण आपला कायदा लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे हक्क राखतो, आणि त्या काळात ज्या पुस्तकाची आवृत्ती कोणी काढीत नाही, त्याच्या कुलपाने लेखकाच्या वारसाची चूलही पेटत नाही.

१९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकावर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत देण्याचे बंधन घातले. १९५६ साली त्यात वृत्तपत्रे आली. संकेतस्थळांना असे बंधन फ्रान्सने २००६ साली व ब्रिटनने २०१३ साली लागू केले. आपल्याकडे सरकार स्वतःची पानेदेखील निमूट पुसू शकते. १९५४ च्या कायद्यात दुरुस्ती करून शासकीय संकेतस्थळे, जिल्हा-प्रशासनाचे जुने आकडे आणि बंद पडलेली नियतकालिके सार्वजनिक खर्चाने जतन करावीत, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी संसदेत मांडली पाहिजे. आ. कृ. वाघमारे यांनी निजामी राजवटीत, १९३८ साली सुरू केलेल्या ‘मराठवाडा’चे आणि आपल्या जिल्ह्यातील लहान साप्ताहिकांचे जे अंक घरोघरच्या माळ्यांवर पडले असतील, त्यांची छायाचित्रे घेण्यास मात्र कार्यकर्त्यांनी दिल्लीच्या दुरुस्तीची वाट पाहू नये.