पंप मागवण्याआधी

चाळीसगावच्या घाट रोडवर असो की भडगाव रोडवर, टोचन लावून गॅरेजच्या दारात आलेल्या गाडीची तक्रार एका वाक्यात सांगितली जाते: ‘भाऊ, सेल्फ मारतोय, पण पकडत नाही.’ इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीबद्दल हे ऐकले की आपला पहिला हात मागच्या सीटखाली जातो आणि पहिला फोन जातो जळगावला किंवा धुळ्याला, पार्ट्सच्या दुकानात. संध्याकाळच्या गाडीने पंप येतो, टाकीत बसतो, आणि कधी इंजिन चालू होते, कधी होत नाही. न झाल्यास बसवलेला पंप दुकानदार परत घेत नाही. इलेक्ट्रिकच्या मालाचा तो रिवाजच आहे आणि त्याच्या जागी तो बरोबर आहे. ते पैसे मग गिऱ्हाइकाच्या बिलात शिरतात किंवा मिस्तरीच्या अंगावर पडतात.

पावसाळ्याच्या तोंडावर निघणाऱ्या या अंकात आमचे सांगणे एवढेच आहे की मोजल्याशिवाय पंप मागवू नका. मोठ्या शहरात चुकलेला पार्ट तासाभरात बदलता येतो. तालुक्याच्या गावात चुकलेल्या पार्टमागे एक दिवस जातो, त्या दिवसाची दुसरी कामे जातात आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही जातो.

मोजण्याच्या आधीही काही गोष्टी फुकट कळतात. टाकीत पेट्रोल आहे का, हा प्रश्न विचारायला संकोच नको. फ्लोट अडकला की काटा पाव टाकी दाखवत राहतो आणि टाकी कोरडी असते. मग किल्ली ऑन करून मागच्या सीटजवळ कान द्यावा. बहुतेक गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद वाजतो आणि थांबतो. इंजिन फिरत असल्याचा सिग्नल ईसीयूला मिळाला, तरच तो पुढे चालतो. हा सिग्नल देणारा क्रँक सेन्सर मेला असेल, तर किल्ली ऑन करताना पंपाचा आवाज येतो, सेल्फ मारताना मात्र पंप बंद, इंजेक्टर बंद आणि करंटही बंद. अशा गाडीला नवा पंप घातला तरी ती जागची हलणार नाही. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहिला, तर टाकीकडे जाण्याआधी क्रँक सेन्सर आणि त्याची वायर पाहावी. डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरने पेट्रोल अडवले आहे. फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या गाड्यांत धक्का बसला की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. रस्त्यावरच्या मोठ्या खड्ड्यातही तो पडू शकतो आणि बटण दाबले की गाडी चालू होते.

सीएनजी किट असलेल्या गाडीत याहून सोपा पुरावा हाताशी असतो. बऱ्याच सिक्वेन्शियल किटमध्ये थेट गॅसवर चालू करण्याची सोय असते. गॅसवर इंजिन लगेच पकडले, तर प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन आणि क्रँक सेन्सर ठीक आहेत आणि दोष पेट्रोलच्या बाजूला आहे, हे पाच सेकंदांत कळते. या गाड्यांचे पंप लवकर का जळतात, हेही गिऱ्हाइकाला सांगायला हवे. टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. रोज गॅसवर चालवायचे आणि पेट्रोलचा काटा वर्षभर रिझर्व्हवर ठेवायचा, ही काटकसर पंपाच्या किमतीत परत मोजावी लागते.

एवढे झाले की गेज लावायचा. पेट्रोल प्रेशर गेज बहुतेक गाड्यांच्या पंप असेंब्लीपेक्षा स्वस्त मिळतो, तरी तो किती गॅरेजांत भिंतीवर टांगलेला दिसतो? साध्या एमपीएफआय गाडीत प्रेशर साधारण तीन बारच्या आसपास असते, काहींत साडेतीन-चारपर्यंत. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा. पंप वाजतो पण काटा शून्यावर, असे दिसले तर टाकीतल्या असेंब्लीच्या आतली छोटी नळी फाटली आहे का ते पाहावे. मोटर चांगली असू शकते. प्रेशर पूर्ण आहे आणि गाडी तरीही पकडत नाही, तर पंपाचा विषय तिथेच संपला. पुढचा तपास इंजेक्टरच्या कनेक्टरवर नॉइड लाइट लावून करावा.

नुसत्या प्रेशरवरही विसंबू नये. फिल्टर चोक असला तरी पेट्रोल वाहत नसताना काटा हळूहळू पूर्ण चढतो. म्हणून किती पेट्रोल येते तेही मापाच्या बाटलीत मोजावे. बऱ्याच लहान गाड्यांसाठी अर्ध्या मिनिटात सुमारे अर्धा लिटर हा ढोबळ अंदाज चालतो.

आता ज्यासाठी हे संपादकीय लिहायला घेतले, तो भाग. प्रेशर कमी आले म्हणजे पंप गेला, हा निष्कर्षही घाईचा आहे. पंपाचा कनेक्टर काढून त्यात टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावायचा, बारा व्होल्ट दिसले की ‘सप्लाय येतोय, पंपच खराब’ म्हणायचे, ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे आणि ती फसवते. कनेक्टर उघडा असताना वायरमधून जवळजवळ करंटच वाहत नाही. वायरच्या दहा तारांपैकी नऊ गंजून तुटल्या, तरी उरलेली एक तार मीटरला बारा व्होल्ट दाखवते. त्याच वायरवर पंपाचा चार-पाच अँपिअरचा भार पडला की पंपापर्यंत आठ-नऊ व्होल्टच पोचतात. शेतातल्या विहिरीवरची मोटर कमी व्होल्टेजवर घुमते पण पाणी उचलत नाही, तसाच हा पंप वाजतो पण प्रेशर करत नाही.

म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने बारीक पिन घालून, पंप चालू असताना मोजावे. सोबत्याला किल्ली फिरवायला सांगावे. एकदा पंपाची पॉझिटिव्ह पिन आणि बॅटरीचे पॉझिटिव्ह टर्मिनल यांच्यात मीटर लावावा, एकदा पंपाची अर्थ पिन आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यात. सप्लायच्या बाजूला अर्ध्या व्होल्टहून जास्त किंवा अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टहून जास्त ड्रॉप आला, तर दोष वायरिंगचा. रिलेचा सॉकेट, फ्यूजचे पाय, दाराच्या उंबऱ्याखालून मागे जाणारी हार्नेस, बॉडीवरचा अर्थचा बोल्ट या जागा क्रमाने तपासल्या की तो सापडतो. कापसाच्या हंगामात गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदराने कुरतडलेली वायरही इथेच हाती लागते. दुरुस्तीचा खर्च बऱ्याचदा एक थिंबल आणि पॉलिश पेपर एवढाच असतो.

चाळीसगावकरांना हे सांगण्याला खास कारण आहे. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे तितूर आणि डोंगरी नद्यांना आलेला पूर शहराच्या बाजारपेठेत शिरला. त्याच रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या, वाहने अडकून पडली आणि घाट बंद झाला. गाळात उभी असलेली गाडी पाणी ओसरल्यावर आधी सेल्फ मारून पाहण्याचा मोह कुणालाही होतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर त्या एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून मगच पुढे जायचे, हे बहुतेक जुने मिस्तरी जाणतात. टाकीकडे मात्र लक्ष उशिरा जाते. बुडालेल्या गाडीत फिलर कॅपमधून आणि व्हेंटच्या नळीतून पाणी आत उतरते. सीटखालच्या कनेक्टरमध्ये शिरलेला गाळ वाळतो, गाडी चालू होते, सगळे विसरतात. काही महिन्यांनी त्या पिनांवर हिरवा गंज चढतो आणि गाडी एका सकाळी पकडत नाही. अशा गाडीचा पंप बदलण्याआधी ‘ही कधी पाण्यात होती का?’ हे विचारायलाच हवे.

टाकीतल्या पाण्याचा प्रश्न आता जुन्या पद्धतीने सुटत नाही, कारण पेट्रोलच बदलले आहे. देशात दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचे पेट्रोल सर्रास मिळू लागले. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी विरघळत नाही, ते सरळ तळाशी बसते. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी थोडे असेल तोवर ते मिसळून जळून जाते, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्यासह पेट्रोलपासून फुटून तळाशी वेगळा थर करते. पंप तळातूनच ओढतो. म्हणून गाडी दोन मिनिटे चालून बंद पडते आणि पुन्हा पकडत नाही. गेजवर प्रेशर मात्र पूर्ण दिसते, कारण पंपाला पाणी काय आणि पेट्रोल काय, दोन्ही सारखेच. वर पाच-दहा लिटर ताजे पेट्रोल ओतून भागत नाही. टाकी उतरवून रिकामी करावी लागते, लाइन आणि फिल्टर साफ करावे लागतात.

खात्री करायची रीत सोपी आहे. टाकीच्या तळातून नमुना काढून पारदर्शक काचेच्या बाटलीत पंधरा मिनिटे स्थिर ठेवावा. खाली वेगळा थर दिसला, तर निकाल लागला. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे तेही मोजता येते. शंभर मिलिलिटरच्या मापाच्या नळीत नव्वद मिलिलिटर पेट्रोल आणि दहा मिलिलिटर पाणी घेऊन हलवावे आणि थांबावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर दहाच्या वर जेवढा वाढतो तेवढे साधारण त्या नव्वद मिलिलिटरमधले इथेनॉल. वीस टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये तो थर अठ्ठावीसच्या आसपास जातो. ‘पंपावर भेसळ झाली’ असे गिऱ्हाइकाला सांगण्याआधी ही चाचणी त्याच्या डोळ्यांदेखत करावी. पेट्रोलपंपवाल्याच्या नावाने पुराव्याशिवाय बोलणे अन्यायाचे आहे.

उन्हाळ्यातली तऱ्हा वेगळी. खानदेशात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असतो. कन्नड घाट चढून वर चहाला थांबलेली गाडी वीस मिनिटांनी पकडत नाही आणि संध्याकाळी गार झाली की आपोआप चालू होते. कार्बोरेटरच्या काळात पेट्रोल पंपावर ओले फडके टाकून आपण व्हेपर लॉक सोडवत होतो. इंजेक्शनच्या गाडीत बंद केल्यावरही लाइनमध्ये प्रेशर टिकून राहते, म्हणून पेट्रोलची वाफ होत नाही. पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळत असेल, तर प्रेशर उतरते आणि तापलेल्या रेलमध्ये वाफ भरते. सेल्फ न मारता किल्ली तीन-चारदा ऑन-ऑफ करावी. त्यानंतर गाडी पकडली तर गेज लावून, इंजिन बंद करून, अर्धा तास काटा पाहावा. हा दोष थंड गाडीत गॅरेजमध्ये दिसत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला गाडी गरम असतानाच आणायला सांगावे.

डिझेलबद्दल सविस्तर पुढे कधी लिहू. जुन्या काळ्या-पिवळ्या जीपची एअर हँडपंपने काढणारे हात आपल्याकडे भरपूर आहेत. कॉमन रेलमध्ये तो सराव पुरत नाही. तिथे सेल्फ मारताना स्कॅनरवर रेल प्रेशर दोनशे बारच्या वर जाते का ते पाहावे. जात नसेल तर आधी फिल्टर आणि लो प्रेशरची बाजू तपासावी, मग इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून कोण जास्त गळतो ते शोधावे. हाय प्रेशरचा पाइप ढिला करून ‘डिझेल येते का’ हे पाहणे कायमचे बंद करा. त्या प्रेशरचा फवारा कातडी भेदून आत जातो.

पेट्रोलची टाकी उतरवताना पिटमध्ये उतरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. बल्बचा हँडलॅम्प तिथे नको. लाइन सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारा, म्हणजे प्रेशर उतरेल. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवा. आणि नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायला पोरांना लावू नका. फुप्फुसात गेलेले घोटभर पेट्रोल जीव घेऊ शकते. हँडपंप शंभर-दोनशे रुपयांना मिळतो.

कंपन्यांची मॅन्युअल आपल्या गॅरेजांपर्यंत पोचत नाहीत, ही मोठी अडचण आहे. त्यावर आपल्यालाच काही करता येईल. या महिन्यापासून चांगल्या, चालू असलेल्या गाड्यांवरही गेज लावा. सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीचे मॉडेल, वर्ष, किल्ली ऑन केल्यावरचे प्रेशर, आयडलवरचे प्रेशर, बंद केल्यावर दहा मिनिटांनी उरलेले प्रेशर आणि पंप चालू असताना त्याच्या पिनांवरचे व्होल्टेज एका वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो आमच्याकडे पाठवा. एकाच मॉडेलच्या नोंदी पुरेशा जमल्या की त्यांचा तक्ता भिंतीला चिकटवता येईल अशा आकारात अंकाच्या मधल्या पानांवर छापू. सुरुवात आपल्या भागात जास्त चालणाऱ्या अल्टो, वॅगन-आर आणि इको या गाड्यांपासून करू. सीएनजीवर असलेल्या गाडीच्या नोंदीपुढे किटचे नाव आणि टाकीत किती पेट्रोल होते हेही लिहावे.