घरच्या संगणकावर लिनक्स: सजावट कोणासाठी?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची अपडेट बंद केली. (घरगुती वापरासाठी नाव नोंदवून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळवायची सोय ठेवली, पण ती एका वर्षाची मलमपट्टी.) पुढे जायचं तर विंडोज ११. आणि विंडोज ११ ला लागतो टीपीएम २.० आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आमच्या धामणगावच्या घरचा डेस्कटॉप चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅमवाला. म्हणजे यंत्र ठणठणीत, पण कागदोपत्री भंगार.

बरा नवा लॅपटॉप चाळीस हजारांच्या घरात जातो. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. तो मिळाला असं धरलं (हे धरणंच मोठं आहे!) तरी एका लॅपटॉपचे पाच क्विंटलच्या वर होतात. कोरडवाहू एकरात एवढा कापूस निघाला तर आमच्याकडे वर्ष बरं गेलं म्हणतात. बाबांनी हा हिशेब माझ्या आधीच करून ठेवला होता. "कायले घेतं नवीन? हा चालते ना."

तर चालणाऱ्या यंत्रावर लिनक्स टाकायचं ठरलं. लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई आवृत्ती. २०२४ साली आलेली ही मालिका, हिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि ४ जीबीवर ती आरामात चालते. पेन ड्राइव्हवरून चालू करून आधी वायफाय, आवाज, प्रिंटर बघून घेतलं, कारण तोवर हार्ड डिस्कला हातही लागत नाही. मग सगळ्या फायलींची प्रत दुसरीकडे काढली आणि मग टाकलं. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तो एकच खर्च. प्रत्यक्ष टाकायला चहा गार व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला.

हे टाकणं आता कोणालाही जमतं. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे आणि आज त्यावरच लिहायचंय.

आपल्या इंजिनिअर जमातीला लिनक्स दिसलं की सजावट सुचते. २००६-०७ च्या सुमारास कॉम्पिझचा फिरणारा ठोकळा दाखवून सगळे एकमेकांना चकित करायचे, असं कंपनीतले सीनियर अजून रंगवून सांगतात. आजची मंडळी काळी थीम लावतात, कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दाखवतात, माउसशिवाय सगळं चालवतात. स्वतःच्या मशीनवर खुशाल करा, मीही करतो. पण घरच्या संगणकाचा मालक वेगळा असतो. मुक्त प्रणालीचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे ती हवी तशी बदलता येते, आणि घरी ती ज्याला 'हवी तशी' करायची तो माणूस आपण नसतो. माझं मत एवढंच आहे. पण ते पाळायला गेलं की कामाची यादीच बदलते.

पहिलं काम अक्षरांचं. बाबांचं निम्मं टंकन म्हणजे अर्ज. तहसीलला, बँकेला, वीज मंडळाला. त्यात 'शेतकऱ्याचे' हा शब्द येणारच. आणि हा शब्द म्हणजे मराठी संगणकाची परीक्षा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'आचार्यांना' वेगळं आणि 'आचाऱ्यांना' वेगळं. हिंदीला हा भेद लागत नाही, त्यामुळे फक्त हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या सोयीत हा र हमखास हुकतो. युनिकोडच्या तक्त्यात 'ऱ' हे अक्षर द्राविडी भाषांतला एक वेगळा र लिहिण्यासाठी म्हणून नोंदलंय, आणि त्याच्या अर्ध्या रूपाला तिथे नाव दिलंय 'आयलॅश रा', म्हणजे पापणीसारखा र. आमच्या तर मुलखाच्या नावातच ही पापणी आहे. वऱ्हाड! ज्या संगणकावर 'वऱ्हाड' नीट उमटत नाही तो वऱ्हाडात ठेवायचा कशाला?

लिनक्सवर ते नीट उमटतं, आणि ते आपोआप झालेलं नाही. २००० च्या सुमारास इंडलिनक्स हा प्रकल्प सुरू झाला, मुंबईच्या एनसीएसटीत 'इंडिक्स'चं काम झालं, २००४ मध्ये रेड हॅटनं 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले, २००७ मध्ये सीडॅकची 'बॉस' प्रणाली आली. मराठीचा ल आणि श हिंदीहून वेगळे काढतात, तेही आता चांगल्या मुक्त फॉन्टांत असतात. भाषा मराठी आहे असं प्रणालीला सांगितलं की अक्षर आपली शेंडी बदलतं. हे काम करणाऱ्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही, कारण आतला मजकूर उघडा होता. मोकळेपणाचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

टंकायला दोन पर्याय ठेवले. 'गमभन' पद्धतीनं रोमन कळांवरून लिहायची सोय लिनक्सच्या एमसेव्हनटीनएन संचात आहे, जुन्या मराठी संकेतस्थळांवर वावरलेल्यांना ती हातवळणाची वाटेल. पण बाबांना इनस्क्रिप्ट शिकवलं. कारण इनस्क्रिप्टला इंग्रजी स्पेलिंगचा विचारच करावा लागत नाही. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, र च्या कळेवर शिफ्ट दाबली की ऱ. दोन आठवडे बाबा कुरकुरले, आता माझ्याहून जलद टंकतात.

दुसरं काम भाषेचं, आणि इथे जरा वेगळं मत आहे. मेनू मराठी करण्याचा हट्ट मी धरला नाही. अनुवादकांबद्दल आदर आहे, मराठी मेनू हवाच, ज्याला हवा त्याला तो मिळालाच पाहिजे. पण बाबांच्या डोक्यात 'सेव्ह' आणि 'प्रिंट' हे शब्द पक्के बसलेत, 'संपादन' वाचून ते क्षणभर थांबतात. म्हणून मेनू इंग्रजी, तारखा आणि वार मराठी, आणि लिबरऑफिसमध्ये प्रदेश भारत. त्यामुळे हिशेबात स्वल्पविराम लाखाच्या जागी पडतो, १,२५,००० असा. बाबांना सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. आधीच्या तक्त्यात तो भलतीकडे पडायचा आणि ते बोटानं शून्यं मोजायचे.

तिसरं काम, पडदा मोकळा करणं. ब्राउझर, 'सातबारा', 'हिशेब', 'फोटो', 'प्रिंट' असे पाच आयकॉन, मोठ्या अक्षरात. प्रिंटरनं मात्र घाम काढला. एका नावाजलेल्या कंपनीचा जुना लेझर प्रिंटर, कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर केव्हाचा थांबलेला. लोकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हर शोधून बसवण्यात अख्खा रविवार गेला. ज्यांच्याकडे बसवायला कोणी नाही त्यांनी लिनक्स टाकायच्या आधी प्रिंटरचं नाव तपासावं, हा फुकटचा सल्ला.

आता दुसरी बाजू. सगळ्यांच्या संगणकावर लिनक्स टाका असं मी म्हणणार नाही. गावात लग्नपत्रिका करणारा डीटीपीवाला श्रीलिपी आणि पेजमेकरवर जगतो, त्याच्या वीस वर्षांच्या फायली त्या फॉन्टांतच आहेत. व्यापाऱ्याची टॅली विंडोजवर चालते. डिजिटल सहीचं पेन ड्राइव्हसारखं टोकन लिनक्सवर चालवायचं म्हणजे नवस बोलावा लागतो. सरकारी टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरानं परीक्षेत जे असेल त्यावरच सराव करावा. ज्याचं पोट एका सॉफ्टवेअरवर आहे त्याला आपल्या तत्त्वज्ञानासाठी अडचणीत घालू नये.

पण ज्या घरात संगणक म्हणजे ब्राउझर, अर्ज, हिशेब आणि फोटो एवढंच आहे (आणि अशी घरंच जास्त), तिथे लिनक्स न टाकण्याचं तांत्रिक कारण उरलेलं नाही. कारण आहे ते सामाजिक, आणि ते बाबांनी पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगितलं होतं: "तू पुन्याले गेल्यावर मी कोनाले इचारू?"

या प्रश्नाला थीम बदलून उत्तर देता येत नाही. गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात मशीन नेलं तर तो बिचारा त्याला येतं तेच करणार, म्हणजे फॉरमॅट मारून परत विंडोज, तेही बहुतेक वेळा बिनपरवान्याचं. त्याचा दोष नाही. आपल्या राज्यात एमएस-सीआयटी केलेल्या पिढ्यांच्या लेखी संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस. केरळात सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त प्रणालीवर शिकवतात, 'काइट' ही तिथली सरकारी संस्था उबुंटूवर बेतलेली स्वतःची आवृत्ती शाळांना देते. तिथल्या आजोबांना अडलं तर घरातली नववीतली नात सांगू शकते. आमच्याकडे ती नात अजून तयार व्हायचीय.

तोवर काय करायचं? मी तीन गोष्टी केल्या. एक, 'टाइमशिफ्ट' लावलं. ते रोज प्रणालीची एक आठवण साठवतं, काही बिघडलं तर कालच्या जागी परत नेतं. (घरच्या फायली त्यात येत नाहीत, त्यांची प्रत वेगळी.) लाइन गेली तरी ईएक्सटी-४ ही फाइल-व्यवस्था बहुधा स्वतःला सावरते, पण जुना यूपीएस मात्र बदलला. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइनचा काय भरवसा! दोन, एका पुठ्ठ्यावर स्वच्छ मराठीत आठ ओळी लिहून मॉनिटरशेजारी टांगल्या. तीन, शेजारच्या अकरावीतल्या पोराला शेजारी बसवून सगळं परत एकदा टाकून दाखवलं, आणि नंतर त्याच्याकडून टाकून घेतलं. पासवर्डाचा कागद बाबांकडे, रीत त्या पोराकडे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, असं माझं ठाम मत झालंय. आपण शहरातली इंजिनिअर मंडळी वीकांताला गावी येतो, कोणाचं तरी मशीन नीट करतो, कौतुक घेतो आणि रात्रीच्या गाडीनं परततो. म्हणजे आधी घर कंपनीवर अवलंबून होतं, आता आपल्यावर. मग त्याला मुक्त कसं म्हणायचं? गावात विचारायला एक माणूस असला तर ते लिनक्स टिकतं, नसला तर पुढच्या दिवाळीपर्यंत दुकानात फॉरमॅट होतं.

तेव्हा पुढच्या सुट्टीत गावी जाताना पेन ड्राइव्ह न्याच, पण थीम निवडण्यात शनिवार घालवू नका. तेवढ्या वेळात आळीतलं एखादं पोर हाताशी धरा आणि कीबोर्ड त्याच्याकडे द्या. आपण फक्त शेजारी बसायचं, मधे बोलायचं नाही. (हे सगळ्यात अवघड आहे.)